संघर्षाचा सक्तीचा रकाना

'प्रेरणादायी' हा शब्द कानावर पडला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दोन वर्षं मी पोटासाठी तो शब्द विकला आहे. तो माल कसा तयार होतो, त्यात किती भुसा भरतात आणि वरून कोणता रंग लावतात, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. भरणारी मीच होते.

आमचं ऑफिस रायपुरात, तेलीबांध्याच्या तलावासमोर, चौथ्या मजल्यावर. खाली मोमोची गाडी, वर आम्ही अकरा जण आणि एक जमिनीवर ठेवलेली फुगीर पिवळी गादी, जिच्यात एकदा बसलं की दुसऱ्याच्या हाताशिवाय उठता यायचं नाही. मालक माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान. बापाची उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाची मिल होती. पोराला लोखंडाची धूळ सोसत नव्हती, म्हणून बापानं त्याला इंटरनेटची कंपनी काढून दिली. हा गडी पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मुझे सर मत बोलना। हम सब फैमिली हैं।" आजारी पडण्याआधी चोवीस तास कळवावं लागतं असं कुटुंब मी तोवर पाहिलं नव्हतं.

काम काय होतं? ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही त्यांना सांगायला गोष्ट बनवून देणं. गिऱ्हाइकानं एक फॉर्म भरायचा: नाव, धंदा, गाव, आईवडील, संघर्ष, यश. आमचं सॉफ्टवेअर त्यातून एक पोस्ट तयार करायचं. एक ओळ, मग मोकळी जागा, मग पुन्हा एक ओळ. वाचणाऱ्याला वाटावं, लिहिणारा दर ओळीनंतर हुंदका गिळून राहिला आहे. गिऱ्हाइकं म्हणजे दातांचे डॉक्टर, कोचिंगवाले, जिमवाले, सळईचे व्यापारी. एकजात खाऊन-पिऊन सुखी लोक. पण सोशल मीडियावर नुसत्या सुखी माणसाला कोण विचारतो? त्याला आधी दुःखी करावं लागतं.

ऑफिसात त्याला 'गड्ढा, सीढी, छत' म्हणायचे. आधी माणूस खड्ड्यात हवा, मग त्याला शिडी मिळायला हवी, मग तो गच्चीवर उभा राहून हात हलवतो. खड्डा नसेल तर गोष्टच नाही. त्यामुळे फॉर्ममध्ये बाकी काही रिकामं सोडलं तरी चालायचं, 'संघर्ष' हा रकाना मात्र सक्तीचा. त्याच्यापुढे लाल चांदणी होती. ती मीच लावली होती.

आणि तिथेच लोक अडकायचे. एका दातांच्या डॉक्टरांचा मला थेट फोन आला. "मॅडम, मेरे पापा भी डेंटिस्ट थे, बना-बनाया क्लिनिक मिला। संघर्ष में क्या लिखूँ?" बिचाऱ्याला खरंच काही सुचत नव्हतं. असे कितीतरी जण अर्धा फॉर्म भरून निघून जायचे. मालक वैतागला. मला म्हणाला, "खाली छोड़ें तो सिस्टम अपने आप कुछ भर दे। जनरल रखना, बस दर्द होना चाहिए।"

मी एका दुपारी चहाचा कप घेऊन बसले आणि दहा दुःखं लिहून काढली. रकाना रिकामा असेल तर सॉफ्टवेअर त्यातलं एक उचलणार. शाळेत अनवाणी जाणं, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, वगैरे वगैरे. पण यादीतलं पहिलं वाक्य, जे सगळ्यात जास्त वेळा उचललं जायचं, ते असं होतं: 'माझी आई दुसऱ्यांच्या घरची भांडी घासायची आणि मी तिथेच ओसरीवर बसून अभ्यास करत असे.' दहाही वाक्यं लिहून झाली तेव्हा चहा अजून गरम होता. दातांच्या डॉक्टरांनी ते वाक्य वाचलं, खूश झाले आणि तसंच ठेवलं. त्यांच्या आईला हे कळलं की नाही कोण जाणे. पुढच्या काही महिन्यांत रायपुरातल्या भल्याभल्या घरच्या आया माझ्या कृपेनं लोकांची भांडी घासू लागल्या, आणि मी याच्यावर ऑफिसात हसायचे.

ते वाक्य मला इतक्या पटकन कुठून सुचलं, याचा मी तेव्हा विचारही केला नाही. आता सांगते. ते माझ्या आजीचं होतं.

आजी म्हणजे आईची आई. आजोबा विदर्भातून रायपूरला रेल्वेच्या मालधक्क्यावर हमालीला आले आणि जवळच गुढियारीत राहिले. आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, सगळा तिकडून आलेल्या बौद्ध कुटुंबांचा. आजी जुन्या मराठी लोकांच्या तीन घरी भांडी घासायची. सोबत माझी आई असायची, सहा-सात वर्षांची. भांडी घरात घासायची नाहीत, मागच्या अंगणात आणून ठेवलेली असायची. आजीनं घासून, धुऊन, पालथी घालून ठेवली की घरातली बाई बाहेर यायची आणि वरून पुन्हा एक बादली पाणी टाकायची, मग ती आत न्यायची. आईनं मला हे आयुष्यात एकदाच सांगितलं. रडून नाही, रागावून नाही. मी दहावीत असताना अभ्यासाचा कंटाळा केला म्हणून सांगितलं आणि पुन्हा कधी त्या विषयाला हात लावला नाही.

आजोबांनी आईला टायपिंगच्या क्लासला घातलं. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही. आई परीक्षा देऊन रेल्वेच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली आणि तिथूनच वरिष्ठ टायपिस्ट होऊन निवृत्त झाली. वडील लवकर गेले. घर तिनं दहा बोटांवर चालवलं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा तिच्या वयाच्या बायका घाबरल्या, ही नाही. "बटनं तेच आहेत, आवाज गेला फक्त," म्हणाली. मी कॉम्प्युटर शिकायच्या आधी तिनं मला कीबोर्डवर पाहायची बंदी केली होती. बोटांवर रुमाल टाकायची आणि म्हणायची, "आता लिही." मी प्रोग्रामर झाले ती कॉलेजमुळे नाही, त्या रुमालामुळे.

आणि मी काय केलं? सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला ते तपासायला खोटी माहिती लागते. शहाणी माणसं 'अबक', 'टेस्ट एक', 'टेस्ट दोन' असं काहीतरी टाकतात. मला कंटाळा आला होता. मी गिऱ्हाइकाच्या जागी माझं नाव टाकलं आणि आईवडिलांच्या रकान्यात आईचीच माहिती: गुढियारी, रेल्वेत टायपिस्ट, मुलीला टायपिंग शिकवलं, मुलगी प्रोग्रामर. सोबत तिचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो. टेबलाशी बसलेली, गळ्यात झेंडूचा हार, एक हात कीबोर्डवर. संघर्षाचा रकाना मी मुद्दाम रिकामा सोडला, कारण रिकामा सोडल्यावर काय होतं हेच तर मला तपासायचं होतं. काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. सॉफ्टवेअरनं माझ्या यादीतलं पहिलं वाक्य उचललं आणि माझ्या आईच्या नावावर टाकलं. मी पाहिलं, व्यवस्थित चालतंय म्हणाले, आणि पुढच्या कामाला लागले. ती नोंद पुसली नाही. आमच्या धंद्यात असला कचरा कोणीच पुसत नाही.

दोन महिन्यांनी एका बुधवारी दुपारी मी डबा उघडत होते, तर शेजारचा डिझायनर म्हणाला, "दीदी, आपकी मम्मी तो वायरल हो गईं।"

मालकाला काही बड्या गिऱ्हाइकांना सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. त्यानं तयार गोष्टींची यादी उघडली, त्याला ही सापडली, आवडली. 'मेरी कंपनी की एक डेवलपर की माँ' अशी सुरुवात करून ती त्यानं स्वतःच्या अकाउंटवरून टाकून दिली. मला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. रेल्वेच्या आणि टायपिंगच्या ओळी गाळल्या होत्या आणि फोटो कापला होता. टेबल कापलं, कॉम्प्युटर कापला, हार कापला. उरला फक्त आईचा चेहरा. ती फोटोत कधीच हसत नाही, तिला दात दाखवायला आवडत नाही. त्या कापलेल्या फोटोत ती जन्मभर सोसलेली बाई दिसत होती. खाली हजारो हात जोडलेले, हजारो रडके चेहरे. 'ऐसी माँ को सलाम.' 'आँखें नम हो गईं.' शेवटी मालकाची ओळ: आम्ही माणसाची डिग्री पाहत नाही, त्याच्या आईचे हात पाहतो.

मी उठून त्याच्या केबिनमध्ये गेले. "ये हटाइए। मेरी मम्मी रेलवे में थीं, ये सब झूठ है।"

तो मनापासून चकित झाला. "झूठ? सिस्टम में तो तुमने ही डाला है।"

मग तो गोड झाला. "देखो, रीच आ रही है। दो दिन रुक जाओ, फिर हटा देंगे। वैसे भी टीम लीड के लिए मैं तुम्हारा ही नाम सोच रहा हूँ।"

आणि मी थांबले. हे लिहिताना मला माझ्याच मुस्काटात मारावंसं वाटतं, पण मी थांबले. एवढंच नाही, जागेवर येऊन त्या कमेंट्स वाचत बसले. अर्धा तास वाचल्या. परक्या शहरांतले परके लोक माझ्या आईला सलाम करत होते आणि मला बरं वाटत होतं. सलाम माझ्या आईला नाही, एका न घडलेल्या बाईला आहे, हे माहीत असूनही बरं वाटत होतं. घरी आईला काही बोलले नाही. तिच्या फोनवर विहाराचा ग्रुप आणि जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणी, एवढंच असतं. तिला कळणार नाही, असा मी हिशेब केला.

शनिवारी दुपारी दारात दोन बायका उभ्या राहिल्या. चांगल्या साड्या, खांद्यावर पर्स, पायरीवर चपला कुठे काढाव्यात या पेचात पडलेल्या. तेलीबांध्याच्या पलीकडच्या एका कॉलनीतलं मराठी भगिनी मंडळ, त्याच्या या अध्यक्ष आणि सचिव. जुन्या, मराठा राजांच्या काळापासून इथे असलेल्या घरांतल्या. मंडळाचं नाव सांगून मला त्यांची जाहिरात करायची नाही.

"ताई, तुमची गोष्ट वाचली आणि डोळ्यांत पाणी आलं हो," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आपल्याच शहरात अशी आई आहे आणि आम्हाला पत्ता नाही! गुढियारीत विचारत विचारत आलो."

"कोणती गोष्ट?" आईनं विचारलं.

त्यांनी फोन पुढे केला. आईनं चष्मा लावला. मी आतल्या दाराशी उभी होते. आईनं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं वाचलं, जसं ती ऑफिसात कागद तपासायची तसं. मग फोन परत दिला आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. परक्यांसमोर ती मला काही बोलणार नव्हती, तो तिचा स्वभाव नाही.

"उद्या रविवारी आमचा आदर्श माता सत्कार आहे," सचिवबाई म्हणाल्या. "तीन माता निवडल्या आहेत. शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. तुम्ही फक्त यायचं. बोलता नाही आलं तरी हरकत नाही, आम्ही सांभाळून घेऊ."

पन्नास पानी अहवाल एका बैठकीत टाइप करणाऱ्या बाईला ती हे सांगत होती.

"चहा टाकते," आई म्हणाली.

एकीला उपास होता. दुसरीला ॲसिडिटी. आईनं पुन्हा आग्रह केला नाही. "बरं," म्हणाली आणि त्यांना पायरीपर्यंत सोडून आली. तीस-पस्तीस वर्षं ती याच शहरात मराठी बोलत नोकरीला जात होती. तेवढ्या काळात कोणत्याच भगिनीला तिची आठवण झाली नव्हती. ती टायपिस्ट होती तोवर ती कोणाचीच ताई नव्हती. भांडी घासणारी झाली आणि लगेच शाल आली.

दार लावून आई खाटेवर बसली.

"हे कोनं लिहिलं?"

"मालकानं टाकलं, आई. मले न विचारता टाकलं."

"टाकलं कोनं, ते नाई विचारलं. लिहिलं कोनं?"

मी तिला सगळं सांगितलं. रकाना, लाल चांदणी, दहा दुःखं, रिकामी सोडलेली जागा. तिला समजावून सांगायला वेळ लागला नाही, फॉर्म आणि रकाने तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. बुधवारपासून मी गप्प होते, हेही सांगितलं. कमेंट्स वाचत बसले, तेही.

आईनं चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "भांडे माह्या आईनं घासले. मले घासा लागू नाई म्हून घासले. मी एक दिवस नाई घासले कोनाचे. ते सुटलं होतं आपल्या घरातून. तुनं पुन्हा आनून माह्या हातात देल्लं."

"मी काढून टाकते, आई. आत्ताच फोन करते त्याला."

"मिटवून काय होते वं? ज्यानं वाचलं त्याच्या डोक्यातून मिटते का?" ती उठली, माझा लॅपटॉप खाटेवर ओढला. "हे लाव म्हना त्याले. त्याच जागी."

आणि तिनं टाइप केलं. हिंदीत, कारण नोकरी तिनं हिंदीत केली होती. खिडकीबाहेर पाहत, बोटांकडे एकदाही न पाहता. वर डाव्या बाजूला 'प्रति', खाली 'विषय: चुकीची माहिती दुरुस्त करण्याबाबत', आणि मग चार वाक्यं. मी रेल्वेतून वरिष्ठ टायपिस्ट म्हणून निवृत्त झाले आहे. मी कोणाच्याही घरची भांडी घासलेली नाहीत. ती माझ्या आईनं घासली आणि ती आज हयात नाही. कृपया नोंद घ्यावी. खाली सहीसाठी जागा सोडलेली होती, तीही सवयीनं.

मालकाला मी त्याच संध्याकाळी भेटले, तलावाशेजारच्या कॉफीच्या दुकानात. त्यानं माझ्या लॅपटॉपवर ते पत्र वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं, याला लाज वाटली.

"अरे, ये तो पार्ट टू है!" तो म्हणाला. "बर्तन माँजने वाले हाथ कीबोर्ड पर! मम्मी ने इस उम्र में टाइपिंग सीखी! एक वीडियो बना लो उनका, प्लीज।"

"उन्होंने इस उम्र में नहीं सीखी। आपके पैदा होने से पहले सीखी है। बर्तन उन्होंने माँजे ही नहीं।"

"यार, तुम फैक्ट में अटक रही हो। इमोशन समझो।"

माझ्यासमोर त्यानं माझंच सॉफ्टवेअर उघडलं, यशाच्या रकान्यात 'टाइपिंग' लिहिलं आणि बटण दाबलं. पाच सेकंदांत गोष्ट तयार. मी बनवलेली वस्तू फारच चांगली चालत होती. मी त्याला म्हणाले की हे टाकलं तर सोमवारी मी येणार नाही. "ठंडे दिमाग से सोचो," म्हणत त्यानं ते टाकलं. मी तिथून उठायच्या आधी पहिला सलाम आला होता.

नोकरी सोडली यात मी काही मोठा पराक्रम केला असं कोणी समजू नये. रागाच्या भरात सोडली आणि नंतर पाच महिने घरी बसले. शनिवारी रात्रीच यादीतलं पहिलं वाक्य तेवढं मी काढून टाकलं. उरली नऊ. पुढे ऐकलं की कोणीतरी दहावं भरून टाकलं.

पोस्ट अजून आहे. दोन्ही भाग आहेत.

रविवारी सकाळी मी आईला विचारलं, "मंडळात नाही म्हणून कळवू ना?"

"नाई काहून? तू जाय." ती वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाली. "लिहिलं तू. सांगशीन बी तूच."

आणि तिनं पान उलटलं.

सत्कार कॉलनीच्या हॉलमध्ये होता. पन्नास-साठ माणसं, गजरे, अत्तराचा वास, कोपऱ्यात साबुदाणा वड्याचे डबे. स्टेजवर टेबलावर प्लास्टिकच्या पिशव्यांत तीन शाली, तीन नारळ. आधीच्या दोन माता झाल्या. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक घेतला आणि माझ्या आईची गोष्ट सांगू लागल्या. त्यांनी पदरचं गळकं छप्परही घातलं, पावसात भिजलेली वह्या-पुस्तकंही घातली. समोर दोन-तीन रुमाल बाहेर निघाले. आईच्या वतीनं लेक सत्कार स्वीकारेल असं म्हणून त्यांनी मला वर बोलावलं.

मी माइक हातात घेतला. मला त्या सगळ्यांचा राग येत होता, सगळ्यात जास्त माझा.

"ही गोष्ट खोटी आहे," मी म्हणाले. "ती मी लिहिली. माझी आई रेल्वेत वरिष्ठ टायपिस्ट होती. तिनं नोकरी केली, मला शिकवलं, पेन्शन घेते. आमचं छप्पर गळत नव्हतं. भांडी माझ्या आजीनं घासली. याच शहरात, तुमच्या-आमच्यासारखं मराठी बोलणाऱ्यांच्या घरी. अंगणात घासायची आणि तिनं घासून ठेवलेल्या भांड्यांवर घरातली बाई पुन्हा पाणी टाकायची. सत्कार करायचा असेल तर तो तिचा करायला हवा होता, पण ती आता नाही. माझ्या आईचा करायचा असेल तर टायपिस्ट म्हणून करा. मी तिच्या वतीनं घ्यायला तयार आहे."

कोणी खोकललं. रुमाल परत पर्समध्ये गेले. समोरच्या रांगेतल्या एक आजीबाई मान खाली घालून बांगड्या फिरवत बसल्या होत्या. अध्यक्षीणबाई आणि सचिवबाई स्टेजच्या कडेला जाऊन कुजबुजल्या. माइक चालू होता, त्यामुळे "निकषात नाही बसत हो मग" एवढं सगळ्यांना ऐकू आलं.

मग अध्यक्षीणबाई माझ्याजवळ आल्या, हसऱ्या चेहऱ्यानं. "माहितीत थोडी गफलत झालेली दिसते. तुमच्या आईंचं कौतुक आहेच. पण हा सत्कार जरा वेगळ्या मातांसाठी आहे ना." बोलता बोलता त्यांनी टेबलावरची तिसरी शाल उचलून आपल्या पिशवीत घातली. नारळ माझ्यापुढे केला. "हा घेऊन जा हवं तर."

मी नारळ टेबलावर ठेवला आणि खाली उतरले. वडे खायला कोणी थांब म्हणालं नाही.

रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. अपमानाचं होतं तसंच सुटल्याचंही होतं. तेलीबांध्यापासून गुढियारीपर्यंत मी मनात एकच घोकत होते, की आईला काय सांगू. तिथे उभं राहून मी सगळं बोलले, यावर ती विश्वास तरी कशाला ठेवेल? बुधवार ते शनिवार मी तिच्याशी खोटं वागले होते. आता माझ्या शब्दाला तिच्या घरात किंमत काय होती?

दार उघडंच होतं. आई खाटेवर बसून शेंगा सोलत होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या पर्सकडे, मग पुन्हा हातांकडे.

"देल्ली नाई शाल?"

"नाही."

"नारळ?"

"तो देत होत्या. मी घेतला नाही."

तिनं मांडीवरची टोपली खाली ठेवली आणि सरकून मला बसायला जागा केली.

"हव," ती म्हणाली. "मंग तू खरं सांगतलं."